बीजापासून वेल : निशोत्तर, गोकर्ण आणि कवचबीज

अविपत्तिकर चूर्ण दिले, मात्रा व अनुपान यथायोग्य होते, तरीही कोष्ठशुद्धी झाली नाही, असा अनुभव अनेक वैद्यबंधूंना आला असेल. आमच्या गोरेगावच्या चिकित्सालयात तो लागोपाठ काही रुग्णांत आला. चूर्ण स्वतःच सिद्ध केलेले, त्यामुळे दोष अन्यत्र ढकलण्याची सोय नव्हती. या कल्पात पहिली अकरा द्रव्ये प्रत्येकी 1 भाग, लवंग 11, निशोत्तर 44 आणि साखर 66 भाग असते. अर्थात निशोत्तर बदलले की चूर्णच बदलते. निशोत्तराच्या नावाखाली बाजारात मार्सडेनिया टेनासिसिमा या वेलीचे तुकडे येतात, हे द्रव्यगुणाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. वाळलेले तुकडे पाहून आम्हांस तो भेद कळला नाही, ही कबुली देणे भाग आहे.

फुला-फळांवरून मात्र फसगत होत नाही. खऱ्या निशोत्तराचे फूल पांढरे व नरसाळ्यासारखे, खोड कोनयुक्त व पंखधारी, फळ मांसल पुष्पकोशाने वेढलेले आणि आत काळी बीजे असतात. मार्सडेनियाची फुले लहान, हिरवट-पिवळी व झुबक्यांत येतात. बीजांना रुईप्रमाणे रेशमी तंतू असतात. तालुक्यातील एका शेताच्या कुंपणावर फुललेली निशोत्तराची वेल पाहून तिला खूण बांधली आणि फळे वाळल्यावर बीज आणले.

बीज रुजविण्याचा सराव आधी गोकर्णावर केला. त्याचे टरफल कठीण असते. पाणी आत शिरत नाही. बीजाची एक कड सहाणेवर किंचित घासावी, नाभीकडील बाजू सोडून द्यावी आणि रात्रभर पाण्यात ठेवावे. फुगलेली बीजे पेरावीत, न फुगलेली पुन्हा घासावीत. हा खटाटोप न केलेली बीजे मोजकीच उगवली. आमच्या भागातील धानाच्या बांध्यांत पाणी साचते, तेथे मुळे कुजतात. म्हणून पेरणी धुऱ्यावर किंवा कुंपणालगत, मृगाच्या सरींनंतर करावी. केरळात शंखपुष्पी म्हणून गोकर्णच वापरतात, तेव्हा परप्रांतातून माल मागविताना वनस्पतिशास्त्रीय नाव लिहून घेणे औषधी दुकानदारांच्या हिताचे आहे.

कवचबीज फारसे आढेवेढे न घेता रुजते. दामोदरन व रामस्वामी यांनी 1937 मध्ये याच बीजातून लेव्होडोपा वेगळे केले. कंपवातातील त्याच्या उपयोगाला त्यामुळे आधुनिक आधार लाभला. परंतु आम्ही ही वेल खळ्याशेजारच्या धुऱ्यावर लावली, ही घोडचूक ठरली. ऐन मळणीत शेंगा पिकल्या, खाजरी लव वाऱ्याबरोबर धानावर उडाली आणि मजूर स्त्रिया दोन दिवस कामावर आल्या नाहीत. त्यांचे म्हणणे रास्तच होते. आता शेंगा पहाटे दव असतानाच, अंगभर कपडे घालून तोडतो. लवरहित लागवडीचा प्रकारही मिळतो. पण तो व रानातील प्रकार एकाच डब्यात भरू नये.

भुईकोहळ्याचा कंद काढला की वेलच संपते, आणि जवळचे नागझिरा अभयारण्य असल्याने तेथून काहीही उपटणे कायद्याने निषिद्ध आहे. त्याचीही बीजे लावली आहेत. कंद अजून गाजराएवढाच आहे.

निशोत्तराची बीजेही तशीच घासून पेरली. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात पांढरे फूल आले आणि नंतर मुळे काढली. चार वेलींच्या मुळांतून चूर्णाचा एक घाणाही निघणार नाही, हे खरे. म्हणून ती कुटली नाहीत. आडवे काप करून, वाळवून, काचेच्या बरणीत ठेवली. नवा माल आला की गोणीतील तुकडा त्या कापाशेजारी ठेवून रंग, छेद व चव ताडून पाहतो. पहिलीच गोणी परत पाठवावी लागली. व्यापाऱ्याने कारण विचारले, तेव्हा दोन्ही तुकडे त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते निरखून पाहिले आणि बरणीतील एक काप स्वतःसाठी मागून घेतला.