उरेबापासून अभिनतीपर्यंत

‘बायस’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ तिरकेपणा. कापड तिरपे कापणे, म्हणजे आपल्याकडच्या शिंप्यांचे ‘उरेब’, यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील एका खेळात लाकडी चेंडूच्या वळत जाण्याला तो लागू झाला आणि तेथून मनाच्या झुकावाला, म्हणजे पूर्वग्रहाला.

विज्ञानात त्याला नेमकेपणा संख्याशास्त्राने दिला. १८९७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांनी चुकांचे दोन प्रकार वेगळे केले. काही चुका दोन्ही बाजूंना होतात आणि सरासरीत एकमेकींना खोडतात. काही मात्र एकाच बाजूला होतात, आणि मोजण्या कितीही वाढवल्या तरी त्या उरतात. मराठी परिभाषेत हीच अभिनती. कोणाचा हेतू वाईट असण्याची येथे गरज नसते.

याचा सर्वांत बोलका पुरावा एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने दिला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पीक कापणीच्या पाहण्यांवर, म्हणजे शेतातला मोजून घेतलेला भूखंड कापून उत्पादनाचा अंदाज काढण्यावर, काम करत होते. छोट्या भूखंडांवरून काढलेले उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त निघते, हे त्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस मात्र छोट्या भूखंडांच्या बाजूचे होते. दोघांतला वाद गाजला. आकडा फुगण्याचे कारण साधे होते: कडेवरचे रोप आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. भूखंड छोटा असला की कड प्रमाणाने वाढते: एक मीटर बाजूच्या चौरसाला दर चौरस मीटरमागे चार मीटर कड येते. १० बाय ५ मीटरच्या भूखंडाला केवळ ०.६ मीटर.

पुढे शब्द पांगला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तो उपकरणाला दिलेला स्थिर विद्युतदाब झाला. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९७४ मध्ये तो माणसाच्या अंदाजांतील ठरावीक चुकांसाठी वापरला. यंत्र-शिक्षणात तर टॉम मिचेल यांनी १९८० मध्ये अशा झुकावाशिवाय यंत्राला शिकताच येणार नाही, असे दाखवले.

शेतकऱ्याला भिडतो तो मात्र सुखात्म्यांचा अर्थ. धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या महसूल मंडळात सोयाबीनचे सरासरी उत्पादन ठरवताना पीक कापणी प्रयोगांचा आकडा धरला जातो. ते उत्पादन त्या मंडळासाठी आधी ठरवलेल्या उंबरठा उत्पादनाखाली गेले तरच त्या निकषावर विम्याची भरपाई मिळते, म्हणून फुगलेला आकडा थेट शेतकऱ्याच्या मुळावर येतो. भूखंडाची जागा यादृच्छिक अंकांनीच निवडायची असते, चांगला पट्टा पाहून नव्हे. भूखंड आखण्यासाठी दोर ताणला जात असताना शेतकऱ्याने तेथे उभे राहावे आणि कडेची रोपे आत धरली की बाहेर, हे डोळ्यांनी पाहावे.