बादलीभर पाण्यातलं एव्हरेस्ट

विजेच्या मीटरवर एक लाल दिवा सतत लुकलुकत असतो. त्याच्यासमोर कधी पाच मिनिटं उभे राहिलात? दिव्याजवळ बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं!

घरात नऊ वॅटचा एकच एलईडी लावून ठेवा. मीटरचा दिवा एकदा लुकलुकतो आणि मग गप्प. पुन्हा लुकलुकायला दोन मिनिटांहून जास्त वेळ घेतो. ७५ वॅटचा साधा पंखा लावा, दर पंधरा सेकंदांनी लुकलुकेल. आता दोन हजार वॅटचा गीझर चालू करा. दिव्याला श्वास घ्यायलाही उसंत नाही, सेकंदाला जवळजवळ दोनदा!

नुसतं पाणी तर कोमट करायचंय, त्याला एवढी वीज? हो, कारण पाणी तापवणं हे प्रचंड कष्टाचं काम आहे. पाणी एका अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी ४२७ मीटर उंच उचलता येतं. आंघोळीसाठी आपण ते साधारण २५ अंशांनी तापवतो. करा गुणाकार. साडेदहा किलोमीटरहून जास्त! एव्हरेस्ट ८,८४९ मीटरचं. रोज सकाळी बाथरूममधला तो पांढरा डबा बादलीभर पाणी एव्हरेस्टच्याही वर नेण्याइतकी मेहनत करतो.

आणि एका युनिटात ताकद तरी किती? पन्नास किलोची चार पोती समुद्रकिनाऱ्यावरून उचलून १,६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यावर ठेवण्याइतकी. हमाल लावले तर मजुरी किती होईल? एवढी ताकद आपल्याला काही रुपयांत मिळते. त्यासाठी चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात दर युनिटामागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो.

आता बिलाकडे या. पंधरा लिटरच्या बादलीला सुमारे ०.४४ युनिट लागतं. घरात चार माणसं, प्रत्येकाची रोज एक बादली, म्हणजे महिन्याला ५२ युनिटं. महावितरणचा घरगुती वापराचा सगळ्यात स्वस्त टप्पा १०० युनिटांचा. त्यातला निम्मा नुसत्या आंघोळीत गेला! शंभर ओलांडले की अख्खं बिल महाग दराने लागतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पहिल्या शंभरांना पहिलाच दर राहतो, १०१व्या युनिटापासून पुढचा लागतो. म्हणून बचत केली की सगळ्यात महाग युनिटं आधी वाचतात, आणि छतावरचा सौर बंब नेमकी तीच वाचवतो.

आज रात्री एक गंमत करा. घरातलं सगळं बंद करून एकच वस्तू चालू ठेवा आणि मीटरच्या दिव्याच्या लागोपाठच्या दोन लुकलुकण्यांमध्ये किती सेकंद जातात ते मोजा. मीटरवर ३२०० असेल तर ११२५ला त्या सेकंदांनी भागा. येईल तो आकडा म्हणजे त्या वस्तूचे वॅट. सुरुवात जुन्या पंख्यापासून करा.