राहून गेलेली पदे

आवडत्या गायकाने मैफलीत काय गायिले यावर रसिक थोडा वेळ बोलतात. काय गायिले नाही यावर मात्र रात्र रात्र भांडतात. हा अनुभव नवा नाही आणि तो एका देशाचा वा एका भाषेचाही नाही. गेल्या दिवाळीत चांदूर बाजारला आमच्या आजोळच्या ओट्यावर असेच एक भांडण मी ऐकले. ते सुरू झाले इंग्लंडातील एका बँडच्या गाण्यांवरून आणि येऊन थांबले आमच्या आबाजींच्या भजनाच्या वहीपाशी. हा प्रवास कसा झाला ते सांगावे, म्हणून हा लेख.

भांडणारे दोघे. एक माझे मामा आणि दुसरे त्यांचे अमरावतीचे मित्र. दोघेही इंजिनिअरिंगला असताना 'हेवी मेटल' या संगीताच्या नादी लागले आणि अजून त्यातून बाहेर आलेले नाहीत. वाचकांपैकी पुष्कळांना या संगीताचे नाव ऐकूनच कानांवर हात ठेवावेसे वाटेल. मलाही तसेच वाटत असे. विजेवर चालणाऱ्या गिटारींचा मुद्दाम खरखरीत आणि भरदार केलेला आवाज, ढोलांचा अखंड मारा आणि त्यावर चढ्या पट्टीत गाणारा गळा, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. १९७०च्या सुमारास इंग्लंडात ते आकाराला आले.

मामांचा लाडका बँड म्हणजे 'आयर्न मेडन'. स्टीव्ह हॅरिस या बास गिटार वाजविणाऱ्या तरुणाने १९७५च्या डिसेंबरात पूर्व लंडनमध्ये तो स्थापन केला. पहिला गीतसंग्रह १९८० साली निघाला आणि २०२१ पर्यंत असे सतरा संग्रह झाले. या लोकांची गाणी प्रेमाबिमाची फारशी नाहीत. लढाया, इतिहास, पुराणकथा आणि चक्क इंग्रजी वाङ्मय हे त्यांचे विषय! कोलरिजची १७९८ सालची 'एन्शंट मरिनर' ही दीर्घ कविता आपण इंग्रजीच्या तासाला शिकतो. ज्या खलाशाने विनाकारण अल्बट्रॉस पक्षी मारला आणि जन्मभर त्याचे प्रायश्चित्त भोगले, त्याची ही कथा. तिच्यावर या बँडने १९८४ साली तेरा मिनिटांहून मोठे गाणे केले आहे, हे कळले तेव्हा माझे कान प्रथम टवकारले.

१ फेब्रुवारी २००८ रोजी हा बँड मुंबईला आला. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर कार्यक्रम झाला आणि त्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभच तेथून झाला. मौज अशी की, मंडळी ज्या मोठ्या विमानाने हिंडत होती, ते चालविणाऱ्यांत त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन हा स्वतः होता! मामा आणि त्यांचे मित्र बडनेऱ्याहून रेल्वेने, अर्धा प्रवास उभ्याने करून, मुंबईला गेले होते. त्या रात्री सोळा गाणी झाली. त्या सोळा गाण्यांवरून आज इतक्या वर्षांनीही दोघांचे एकमत नाही.

कार्यक्रमात कोणती गाणी, कोणत्या क्रमाने घ्यावयाची याची जी यादी असते तिला 'सेटलिस्ट' म्हणतात. मुंबईच्या यादीचा हिशेब मामांच्या मित्रांना तोंडपाठ आहे. १९८४च्या 'पॉवरस्लेव्ह' संग्रहातील चार गाणी, १९८२ आणि १९८८च्या संग्रहांतील तीन-तीन, १९८३ आणि १९८६च्या संग्रहांतील दोन-दोन, पहिल्या संग्रहातील एक आणि १९९२ सालचे एक. १९८१च्या 'किलर्स' संग्रहातील एकही नाही. त्यांचा आक्षेप असा : "दौरा ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा म्हणून जाहीर केला, मग ब्याण्णवचं गाणं कशाला? त्या जागी 'अलेक्झांडर द ग्रेट' घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" मामांचे उत्तर असे : "अरे, त्या ब्याण्णवच्या गाण्याला सगळं मैदान गात होतं. तुझं अलेक्झांडर किती जणांना येत होतं?"

या दोन वाक्यांत सगळा वाद आला. एक पक्ष म्हणतो, गाणे सर्वांना येते म्हणूनच ते गावे. दुसरा म्हणतो, ते सर्वांना येते म्हणूनच एखादे वेळी बाजूला ठेवावे.

यादी करणाऱ्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. कार्यक्रम फार तर दोन तासांचा आणि २००८ पर्यंत या बँडचे संग्रह झाले होते चौदा. त्यांच्या कार्यक्रमात मागचे पडदे, दिवे, धूर, सारे गाण्यागणिक आधी ठरलेले असते. त्यामुळे एका दौऱ्यात रोज बहुधा तीच यादी चालते. उंच पट्टीची गाणी लागोपाठ घेतली तर गायकाचा गळा बसावयाचा. पहिल्यांदा आलेल्या श्रोत्याला प्रसिद्ध गाणी हवीत आणि दहाव्यांदा आलेल्याला न ऐकलेली. वेळेची ही कात्री आपल्याकडेही आहेच. किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या 'सौभद्र' नाटकात शंभरावर पदे होती. नाटक रात्रभर चाले तेव्हा ती खपली. आज तीन तासांत नाटक बसवावयाचे तर पदे गाळण्यावाचून गत्यंतर नाही.

बरे, नवी गाणी भरपूर घ्यावीत, तरी लोक प्रसन्न होतात असे नाही. २००६च्या हिवाळी दौऱ्यात या बँडने आपला त्या वर्षीचा नवा संग्रह, सुमारे बहात्तर मिनिटांची दहाच्या दहा गाणी, क्रमाने वाजविला. काही रसिकांनी या धाडसाला दाद दिली, तर काही 'जुने वाजवा' म्हणून कुरकुरले.

मात्र वगळलेले गाणे कायमचे वगळले जाते असे नाही. कोलरिजच्या खलाशाचे ते गाणे १९८४-८५च्या दौऱ्यात नित्य वाजत असे. पुढे ते यादीतून गळाले आणि वीसहून अधिक वर्षे मंचावर आले नाही. ते परत आले ते मुंबईतच, त्या १ फेब्रुवारीच्या रात्री. आणि येथेच मामांची दुखरी जागा आहे. त्या काळी मामांना प्रसिद्ध तेवढीच गाणी ठाऊक होती. हे लांबलचक गाणे सुरू झाले तेव्हा "हे काही आपल्याला येत नाही" असे म्हणून ते पाणी आणायला गेले. रांग मोठी होती. परत आले तेव्हा गाणे संपत आले होते! आज तेच गाणे त्यांना सर्वांत प्रिय आहे आणि त्यांचे मित्र दर दिवाळीला त्यांना ते पाणी आठवून देतात.

'अलेक्झांडर द ग्रेट'ची कथा तर याहून मोठी. सिकंदराचे चरित्र सांगणारे साडेआठ मिनिटांचे हे गाणे १९८६ साली निघाले. पण बँडने ते मंचावर कधी घेतलेच नाही. रसिक मागणी करीत राहिले, पोरांचे बाप झाले, तरी मागणी चालूच. अखेर २८ मे २०२३ रोजी स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथे ते प्रथम वाजले. सदतीस वर्षांनी! तीच गोष्ट 'किलर्स'ची. मुंबईत ज्या संग्रहाला एक जागा मिळाली नव्हती, त्यातलीच तीन गाणी बँडच्या पन्नाशीनिमित्त २०२५ मध्ये निघालेल्या दौऱ्यात आरंभालाच ओळीने आली. मामांच्या मित्रांनी ही बातमी ओट्यावर अशी काही सांगितली की, जणू कोर्टातला जुना दावा त्यांनीच जिंकला होता.

आबाजी इतका वेळ खाटेवर संत्री सोलीत ऐकत होते. ते मध्येच म्हणाले, "काऊन रे, तुमच्या त्या गोऱ्यायचंबी असंच हाये काय? आमच्या मंडळात हेच भांडन चाळीस वर्सं चाललं."

आबाजी ऐंशीच्या घरातले. लहानपणी त्यांनी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना समोर बसून ऐकले आहे. महाराज आपल्याच जिल्ह्यातले. १९०९ साली यावलीला जन्म, वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू, १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम आणि १९६८ साली देहावसान. लाकडी कड्यावर कातडे ताणलेली, चकत्यांची ती लहानशी खंजिरी त्यांच्या हाती आली की गाव जमा होई. मराठी आणि हिंदीत त्यांनी हजारो भजने रचली. वऱ्हाडात गावोगावी जी खंजिरी भजनी मंडळे आहेत ती याच परंपरेतली. आबाजी अशाच एका मंडळात खंजिरी वाजवीत.

"लोकायले 'या झोपडीत माझ्या' पाह्यजे," आबाजी सांगू लागले. "ते म्हटल्याबिगर कोनी उठू देत नाही. चांगलंच हाये ते, नाही कोन म्हनते? पन दारू सोडा, गाव झाडा, भोंदू बुवाच्या नादी लागू नका, असंबी महाराजानं लय सांगून ठेवलं. ते कोनी मांगत नाही. आमचे पेटीवाले गुरुजी म्हनत, 'नाही मांगत म्हनूनच म्हना.' आन् म्या म्हनो, 'गुरुजी, मानसं उठून जातीन.'"

म्हणजे आमचे आबाजी मामांच्या पक्षाचे निघाले, आणि गुरुजी मामांच्या मित्रांच्या! मंडळांची अडचणही बँडसारखीच. भजनस्पर्धेत प्रत्येक मंडळाला मोजका वेळ. त्यात खात्रीचे पद घ्यावे की अनोळखी? आणि मागे धरणाऱ्या साऱ्यांना ध्रुपद आले पाहिजे, म्हणून शेवटी सर्वांना येते तेच पद पुढे येते.

मग आबाजींनी मला आतल्या पेटीतून वही आणायला सांगितली. लाल पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरातली ती वही मी प्रथमच नीट पाहिली. पदांच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या पदाचे नाव. म्हणजे हे पद त्या पदासारखे म्हणावयाचे. ग्रामसफाईवरच्या एका पदावर बोट ठेवून मी म्हटले, "आबाजी, हे म्हणून दाखवा ना."

त्यांनी चष्मा लावला. पहिली ओळ मनाशी वाचली. मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि थांबले. माथ्यावर ज्या पदाची चाल सांगितली होती, ते पदही त्यांना आठवेना. पुन्हा ठेका धरला, पुन्हा थांबले. "गुरुजीले येत होती ही चाल," ते हळूच म्हणाले. "दोन-चारदा त्यायनं म्हटलं. मंग म्याच म्हटलं, राहू द्या." गुरुजींना जाऊन आता बरीच वर्षे झाली.

ओट्यावर कोणीच बोलले नाही. मामांचे मित्रही गप्प झाले.

मला जे सांगावयाचे आहे ते येथे आहे. आयर्न मेडनने सिकंदराचे गाणे सदतीस वर्षे गायिले नाही, तरी ते मेले नाही. कारण ते तबकडीवर होते. लंडनपासून अमरावतीपर्यंत कोणीही ते केव्हाही ऐकू शकत होता आणि म्हणूनच त्याची मागणी करू शकत होता. आमच्या मंडळाच्या पदाला असा आधार नव्हता. शब्द वहीत राहिले, पण चाल माणसाच्या गळ्यात होती. बँडने यादीतून गाणे गाळले तर ते वाट पाहते; आमच्या मंडळाने पद गाळले आणि ते जाणारा माणूस गेला, की वाट पाहायलाही काही उरत नाही. लोकांना जे आवडते ते म्हणणे हा काही दोष नव्हे. पण बाकीचे कोठेतरी जपून न ठेवणे, हा मात्र आपणा सर्वांचा दोष आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी आपला मोबाईल आबाजींच्या पुढे ठेवला आणि मी वहीची पाने उलटू लागले. वहीत सत्तेचाळीस पदे आहेत. आबाजींना पूर्ण चालीसह एकोणीस आली, सहांची नुसती ध्रुपदे आली आणि बावीस आली नाहीत. त्या बावीसांची यादी करून मामांचे मित्र अमरावतीला घेऊन गेले आहेत. तेथे गुरुजींच्या वेळचे एक तबलजी आहेत, त्यांना विचारणार आहेत. ग्रामसफाईचे पद यादीत पहिले आहे.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एखादी वही असेल; आजीच्या ओव्या असतील, भुलाबाईची गाणी असतील, एखाद्या काकांची भारुडे असतील. नेहमीची चार गाणी तर त्या म्हणतातच. या सुट्टीत त्यांना नेहमीची नसलेली विचारा, आणि त्या म्हणू लागल्या की पाणी आणायला उठू नका.