मॉन्सँटो प्रक्रिया
मिथेनॉल व कार्बन मोनॉक्साइड यांच्या विक्रियेने ॲसिटिक अम्ल तयार करण्याची औद्योगिक पद्धत. १९६० मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने या विक्रियेसाठी वापरलेल्या कोबाल्ट उत्प्रेरकास (विक्रियेची गती वाढविणाऱ्या पदार्थास) सु. २५०° से. तापमान व ६८० वातावरण दाब लागे. अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीने १९७० मध्ये उत्पादनात आणलेल्या ऱ्होडियम-आयोडाइड उत्प्रेरकामुळे १५०°–२००° से. तापमान व ३०–६० वातावरण दाब पुरेसा झाला. मात्र मिश्रणात पाणी कमी पडल्यास महागडे ऱ्होडियम साक्याच्या रूपात वाया जाते. पाणी जास्त ठेवल्यास ते ऊर्ध्वपातनाने अम्लापासून वेगळे करताना अधिक उष्णता खर्च होते. १९९६ मध्ये बीपी कंपनीने जाहीर केलेल्या कॅटिव्हा प्रक्रियेतील इरिडियम उत्प्रेरक कमी पाण्यातही टिकत असल्याने ही अडचण बरीच दूर झाली.