उन्हाळ्यातील शीतल प्याला : घरची आम्र-लस्सी

वैशाखाचे ऊन अंगणात उतरले की घरातील लहानथोरांच्या ओठी एकच मागणी असते, काहीतरी गार हवे. अशा वेळी बाजारातील आयती बाटली किंवा फळांचा स्वाद दिलेले दही आणणे सोपे वाटते. परंतु अशा काही दह्यांत घट्टपणासाठी जिलेटिन मिसळलेले असते आणि ते प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. म्हणून विकत घेताना हिरवे चिन्ह व घटकांची यादी पाहिल्याशिवाय वस्तू पिशवीत टाकू नये. त्याहून उत्तम म्हणजे ती घरीच करावी. कष्ट थोडे, आणि प्याल्यात काय आहे याविषयी मन निःशंक.

लस्सीचा प्राण दह्यात असतो. सकाळी आठच्या सुमारास अर्धा लिटर दूध उकळून कोमट होऊ द्यावे. बोट बुडविल्यास सुखद ऊब लागावी, चटका बसू नये. त्यात एक लहान चमचा विरजण घालून भांडे झाकून ठेवावे. विरजणातील जिवाणू दुधातील शर्करेचे आम्लात रूपांतर करतात, त्यामुळे दूध घट्ट होते. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते. लागताच ते थंड जागी ठेवावे, अन्यथा आंबटपणा वाढत जातो. दह्याची मर्यादा पाळणाऱ्या घरांना त्याच दिवसाचे ताजे दही सोयीचे, आणि लस्सीलाही तेच गोड लागते.

दोन पिकलेले आंबे अर्धा तास पाण्यात ठेवून मग त्यांचा रस काढावा. रत्नागिरी-देवगडचा हापूस असल्यास रस गाळण्याची फारशी गरज नाही. गिरनारच्या परिसरातील केशरही त्याच्या गडद रंगामुळे शोभून दिसतो. रेषेदार आंब्याचा रस मात्र स्वच्छ फडक्यातून गाळावा. आंबा आंबट असेल तर लस्सीही आंबटच होणार. तो दोष साखरेने पूर्ण झाकला जात नाही.

दोन वाट्या दही रवीने घुसळून एकजीव करावे. त्यात एक वाटी आमरस, दोन-तीन चमचे साखर, अर्धी वाटी गाळलेले थंड पाणी, चिमूटभर वेलदोड्याची पूड व कणभर मीठ घालून पुन्हा घुसळावे. साखर शेवटी चव घेऊनच वाढवावी. वर केशराच्या चार काड्या पुरेत. एवढ्यात चार मध्यम प्याले भरतात.

आंबा संपल्यावर, अथवा आर्द्रा नक्षत्र लागताच आंब्याचा त्याग करणाऱ्या कुटुंबांत, पिकलेले केळे घेता येते. अननस व पपई मात्र कच्चे घालून ठेवू नयेत. त्यांतील पाचक द्रव्ये दह्यातील प्रथिनांचे विघटन करतात आणि लस्सी काही वेळातच कडवट होते.

ही लस्सी साठवण्याची वस्तू नव्हे. दुपारी चारच्या सुमारास घुसळावी आणि सर्वांनी एकत्र बसून प्यावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी भांडीही विसळून होतात. रवीची दोरी नातवाच्या हाती दिली, तर पुढच्या उन्हाळ्यात बाटलीची मागणी कदाचित त्याच्याकडून येणार नाही.