उष्णोदकाच्या कुंडाला जागा शोधताना

वज्रेश्वरीला तानसेच्या काठी किंवा पालीजवळच्या उन्हेऱ्याला ज्यांनी ऊन पाण्याच्या कुंडात स्नान केले आहे, त्यांनी तेथील एक गोष्ट पाहिली असेल, ती ही की, ही कुंडे भुईतच बांधलेली असून त्यांतल्या पाण्याचा सारा भार प्रत्यक्ष धरणीने तोलून धरलेला आहे. तेच उष्णोदक आता ‘हॉट टब’ या नावाने लोणावळ्याच्या बंगल्यात, अलिबागच्या वाडीत आणि पुण्यामुंबईच्या गच्चीवर येऊ लागले आहे, आणि ते आणणारे गृहस्थ चौकशी करतात ती फवाऱ्यांच्या संख्येची, रंगाची आणि बसल्या जागेवरून डोंगर दिसेल की नाही याची. देखाव्याची हौस मला समजते. परंतु जागेचा निर्णय प्रथम भाराने, मग पाण्याने व विजेने करावा आणि देखाव्याचा विचार या सर्वांच्या मागून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाराचा हिशेब शाळकरी मुलालाही मांडता येईल इतका सोपा आहे. पाचसहा माणसांच्या, दोन मीटर लांब व तितक्याच रुंद टबात सुमारे १२०० लिटर पाणी मावते, म्हणजेच १२०० किलो. त्यात टबाचे स्वतःचे तीनसाडेतीनशे किलो आणि सहा माणसांचे चारशे किलो मिळविले, तर एकंदर भार दोन टनांच्या घरात जातो, व तो चार चौरस मीटरांवर पडत असल्यामुळे दर चौरस मीटरास जवळजवळ ५०० किलो होतो. भारतीय मानक ८७५ च्या १९८७ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी वापराचा भार दर चौरस मीटरास सुमारे २०० किलो, आणि वावरत्या गच्चीसाठी सुमारे १५० किलो धरलेला आहे. स्लॅब तत्क्षणी कोसळेल असा याचा अर्थ नव्हे, कारण भार कोणत्या तुळईच्या किती जवळ येतो यावर पुष्कळ अवलंबून असते. तथापि ते इमारतीचा मूळ नकाशा व सळयांचा तपशील पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवावयाचे असते, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावरून नव्हे. शिवाय गच्चीवर आधीच विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्याचाही भार मोजलाच पाहिजे. आणि टबाखाली झाकला गेलेला कोबा एकदा झिरपू लागला, तर सळया गंजू लागल्याचे वर्षानुवर्षे कळत नाही. भिंतीबाहेर काढलेल्या सज्जावर तर टब ठेवण्याचा विचारही करू नये. सोसायटीची गच्ची सर्वांची असते, तेव्हा तेथे सोसायटीची लेखी परवानगी आणि नगरपालिकेच्या दफ्तरातील मंजूर नकाशा या दोहोंची आधी शहानिशा करणे हे वेगळे सांगावयास नको.

जमीन मिळत असेल तर जमिनीसारखे दुसरे स्थान नाही; मात्र जमिनीचाही स्वभाव असतो. कोकणातला जांभा भार निमूटपणे सोसतो, पण देशावरची काळी माती पावसाळ्यात फुगते, चैत्रवैशाखात भेगाळते, आणि तिच्यावर नुसत्या फरशा अंथरून ठेवलेला टब दोनतीन वर्षांत एका अंगाला कलतो, त्याबरोबर नळ्यांचे सांधेही निखळतात. अशा ठिकाणी काळी माती उकरून काढावी, मुरूम भरून चांगला धुमसावा आणि त्यावर सळया घालून काँक्रीटचे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच बांधावे. माडाखाली कोकणातला शहाणा माणूस खाटसुद्धा टाकत नाही, तेव्हा टबही तेथे नको. आणि वीजवाहिनीखाली तर मुळीच नको.

सहसा कोणाच्या मनात न येणारी बाब म्हणजे टबाभोवतीची हवा. १९९९ साली हॉलंडातील बोव्हेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात नमुन्यादाखल चालू ठेवलेल्या एका टबाच्या तुषारांतून लेजिओनेला नावाचे जंतू पसरले, आणि ज्यांनी त्या पाण्यात बोटही बुडविले नव्हते असे, केवळ जवळून गेलेले लोक न्यूमोनियाने आजारी पडले. त्यांतील निदान ३२ जण दगावले. सुमारे २० ते ४५ अंश सेल्सियस उष्णतेत हे जंतू वाढतात आणि टबाचे पाणी नेमके त्याच पट्ट्यात असते. पाण्यातील क्लोरीनचा बंदोबस्त हा पहिला उपाय खराच. पण ज्या घरात वृद्ध किंवा दम्याचा रुग्ण आहे, तेथे टब त्यांच्या खिडकीखाली अथवा कोंदट बंदिस्त खोलीत बसवू नये, आणि पश्चिमेचा वारा त्याची वाफ घरात आणतो की घराबाहेर नेतो, एवढे तरी आधी पाहावे.

विजेच्या बाबतीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. टब बंद करण्याचा स्विच आत बसलेल्याच्या हाताच्या टप्प्यापलीकडे, काठापासून निदान दोन मीटर दूर, पण बाहेरच्या माणसाला तत्काळ दिसेल व गाठता येईल असा असावा. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली टबाच्या तळाशी असलेल्या शोषनळीच्या ओढीत अडकून बुडाली. तिच्या आईला तिला सोडविता आले नाही. त्या दुःखातून २००७ साली तेथे शोषनळीच्या सुरक्षित झाकणांचा कायदा झाला. पंप क्षणात थांबविता येणे किती मोलाचे असते, हे त्या घटनेने दाखविले. म्हणून टब बागेच्या आडोशाच्या कोपऱ्यात न ठेवता स्वयंपाकघराच्या किंवा दिवाणखान्याच्या खिडकीतून सतत दिसेल अशा ठिकाणी ठेवावा, कुंपण घालावे, आणि झाकणाला कुलूप असावे. घरापासून तेथवरची वाट गुळगुळीत संगमरवराची नको, खडबडीत शहाबादी फरशीची हवी.

पाणी बदलताना हजारबाराशे लिटर एकदम सुटते. ते घराच्या पायाकडे, विहिरीकडे किंवा सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्याकडे जाणार नाही असा उतार शोधावा लागतो. हा उतार उन्हाळ्यात डोळ्यांना नीट कळत नाही. म्हणून एक पावसाळा थांबावे, आषाढात अंगणात पाणी कोठे तुंबते व कोठून वाहते ते पाहून ठेवावे, आणि जोत्याची आखणी दिवाळीनंतर करावी.