सर कडक आहेत, म्हणून मुलीचा खेळ बंद करायचा का?

गेल्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाल्यावर एका ताईंनी विषय काढला. मुलगी आठवीत, शाळेच्या बास्केटबॉल संघात निवडलेली, पण रोज रडत घरी येते. सर फार कडक. घरचे म्हणतात, बंद करा ते खेळणं. यावर आम्ही बरंच बोललो, दोघी-तिघी मैदानावर जाऊन सरावही बघून आलो.

मुलीचा उजवा हात चांगला चालतो, पण सर तिला डाव्या हातानेच चेंडू टप्पे देत न्यायला लावतात. चेंडू सुटतो, पोरी हसतात, सर म्हणतात, "पुन्हा." बघणाऱ्या आईला वाटतं, छळ चाललाय. पण जिचा एकच हात चालतो, तिला समोरची खेळाडू लगेच ओळखते आणि त्याच बाजूने अडवते. डावा हात तयार झाला की दोन्ही वाटा मोकळ्या.

दुसरं, पळून पळून धाप लागली की लगेच बास्केटमध्ये चेंडू टाकायला लावतात. तेही उगाच नाही. सामन्यात समोरच्या संघाने नियम मोडला तर कधी कधी फ्री थ्रो मिळतो. रिंग १० फूट उंच, रेषेवर मुलगी एकटी, हातात ५ सेकंद, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. चेंडू आत गेला तर १ गुण. त्या वेळी "घाबरू नको" असं सांगून काही होत नाही. दमलेल्या हाताने शंभरदा टाकलेलं असेल तर हात आपोआप उठतो. आत्मविश्वास म्हणतात तो बराचसा हाच.

आता कडकपणा कुठपर्यंत? लेकीची पहिली भाकरी फाटली तर "पीठ अजून मळ, कडेने थाप" असं म्हटलं की दुसरी बरी होते. "तुला काही जमायचंच नाही" म्हटलं की ती परातीजवळ फिरकत नाही. मैदानावरही तेच ऐकायचं. सर चुकीवर बोलतात की मुलीवर? "कोपर आत घे" हे शिकवणं झालं. जात, रंग, वजन, घरची गरिबी काढणं हे शिकवणं नव्हे. मुरगळून सुजलेल्या पायावर पळवणंही नव्हे.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलू. मुलीला एकटीला खोलीत बोलावणं, रात्री मेसेज करणं, कारण नसताना अंगाला हात लावणं, "घरी सांगू नकोस" म्हणणं, यातलं काहीही दिसलं तर बदनामीच्या भीतीने गप्प बसायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे, दिवसरात्र चालतो. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि लैंगिक अत्याचारात "मुलगी हो म्हणाली होती" हे कारण त्यात चालत नाही.

घरी आपलंही काम आहे. मुलगी आली की आपण आधी विचारतो, "जिंकलात का?" त्यापेक्षा "आज नवीन काय केलंस?" विचारून बघा. रडली तर रडू द्या, लगेच सरांना शिव्या नकोत. सरावाआधी केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू द्या. उपाशीपोटी पळणारी मुलगी लवकर खचते, मग तिला वाटतं आपल्याला येतच नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती खरंच घेते का, तेही बघा. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे तिच्या त्रासावरून तिला ठरवू द्या, आजीच्या नियमावरून नको.

सरांशी बोलायला एकटीला संकोच वाटतो, म्हणून गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. सराव चालू असताना नको, सुरू व्हायच्या आधी. तक्रारीचा सूर न लावता विचारा: माझ्या मुलीला काय चांगलं येतं, काय कमी पडतं, आणि ते सुधारायला घरी आम्ही काय करू? मुलीलाही सोबत उभी करा. तिला काय चांगलं येतं, हे सरांच्या तोंडून तिने कदाचित पहिल्यांदाच ऐकलेलं असेल.